कोकणाबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

'मालिकांनी दाखवलेलं कोकण खोटं नाही, तो आरसा आहे' अशा मथळ्याचा, टीव्ही मालिकांबद्दलचा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कोकणात घरोघरी करणी चालते, कोकणी माणूस आळशी आणि मनीऑर्डरवर जगणारा, भावाभावांत कोर्टकज्जे ठरलेले, आणि आमची मालवणी बोली जगाला कळली ती मालिकांमुळे. इतके दिवस दुर्लक्ष केलं. पण परवा विरारला वाढलेल्या माझ्या भाच्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, "मावशी, शेजारच्या काकूंना पण येतं ना हे सगळं?"

त्या काकू विधवा आहेत, एकट्या राहतात. मे महिन्यात हाच मुलगा त्यांच्या पडवीत बसून फणसाचे गरे खातो. आता त्याची धाकटी बहीण म्हणते, त्यांच्या हातचं काही खायचं नाही. म्हणून आधी करणीचंच बोलते. बाकीच्या मुद्द्यांनी आमची नुसती बदनामी होते, ह्याने एका बाईचं गावात राहणं मुश्कील होऊ शकतं. अमुक माणूस करणी करतो असं पसरवून त्याला जगणं नकोसं करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत. आणि हा कायदा अख्ख्या महाराष्ट्रासाठी करावा लागला, रत्नागिरी-सिंधुदुर्गापुरता नाही.

देवचार, राखणदार ही गावची राखण करणारी दैवतं आम्ही मानतो. नाही कशाला म्हणू? पण राखणदार नावाप्रमाणे राखणारा. त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांसाठी मागणं मागायचं. पडद्यावर गाऱ्हाणं आलं की अंधार, धूर आणि कानठळ्या बसवणारं संगीत. आमच्या देवळात ते भर दिवसा, सगळ्यांसमोर होतं. मानकरी हात जोडून मोठ्याने म्हणतो, "मुंबयक गेलेल्या चेडवा-झिलांका सुखी ठेव रे म्हाराजा!" म्हणजे मुंबईला गेलेल्या मुली-मुलांना सुखी ठेव, आणि सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ज्या पोरांना आज ह्याची भीती वाटते, त्यांच्याच नावाने ते मागणं असतं. हे त्यांना कोणी दाखवत नाही, म्हणून माझा जीव तुटतो. आमच्या दशावतारात, म्हणजे जत्रेतल्या लोकनाट्यात, तर काळ्या कपड्यातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर राक्षस येतो आणि मालवणीत बोलून लोकांना हसवतो. जत्रेत रात्रभर जागून पोरं ते बघतात.

आता आळशीपणा. 2011 ची जनगणना उघडून बघा. रत्नागिरीत 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया, सिंधुदुर्गात 1036. आधीच्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची 16 लाख 96 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आणि सिंधुदुर्गाची 8 लाख 68 हजारांवरून 8 लाख 49 हजारांवर आली. माणसं गेली कुठे? पोटासाठी मुंबईला. मनीऑर्डर घामाशिवाय येत नव्हती. आणि मागे राहिलेल्या बायकांनी भात लावलं, गुरं सांभाळली, काजू गोळा केले, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं काढलं. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने एप्रिलच्या उन्हात हातात घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन एक दिवस आंबे काढून दाखवावेत.

कोर्टकज्ज्यांचं मात्र थोडं खरं आहे. सातबाऱ्यावर वीस-वीस सामाईक नावं, निम्मे वारस मुंबईत, वाटणी पिढ्यान्‌पिढ्या रखडलेली. भांडणं होतात. पण ती कागदामुळे होतात, रक्तातच भांडण आहे म्हणून नव्हे.

मालवणीला मालिकांनी ओळख दिली, हे तर साफ चुकीचं. गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक 'वस्त्रहरण' 1980 साली रंगमंचावर आलं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, ते नाटक लंडनलाही गेलं. कोकणातल्या भुताखेतांची 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली 2016 साली.

त्या मालिकेमुळे, जिथे तिचं चित्रीकरण झालं तो सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा बघायला माणसं लांबून येऊ लागली, हे मान्य. पण म्हणून ती आरसा होत नाही. गावात राहणाऱ्याला पडद्यावरचं आणि दारातलं ताडून बघता येतं. मुंबई-पुण्यात जन्मलेल्या आमच्या मुलांना कोकण भेटतं गणपतीतले काही दिवस आणि मेच्या सुट्टीत, बाकी वर्षभर जे दिसतं ते स्क्रीनवर. उद्या वर्गात कोणी विचारलं, "तुमच्या गावात भुतं असतात ना?" तर ती स्क्रीनवर बघितलेल्यावरूनच उत्तर देणार, आणि हळूहळू गावाचं नाव सांगायलाच कचरणार. लिहिणाऱ्यांनी भुतं खुशाल लिहावीत. पण त्याच गावात एसटीची कंडक्टर असते, सरपंच बाई असते, काजूचा कारखाना चालवणारी असते. तिला दोन भाग तरी द्या, आणि तिचं मालवणी नुसतं हशा पिकवायला वापरू नका.