‘एक सीमावासीय’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, दिलजीतच्या पोस्टरवरून

नमस्कार. बेळगावात दिलजीत दोसांझचा कार्यक्रम आणायचा तर पोस्टर कसं असावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया खाली कोपऱ्यात पडून राहायला नको, म्हणून आधी ती जशीच्या तशी वर घेतो.

‘पंजाबी गायकाचं कौतुक सांगता सांगता तुम्ही आम्हाला कन्नड पोस्टर छापायला शिकवताय. दिलजीतला पंजाबात पंजाबी बोलल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही, त्याला उदार होणं परवडतं. आम्हाला नाही परवडत. सीमाभागात राहून भाषेला गिऱ्हाईक समजणाऱ्याला इथला इतिहास माहीत नसावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या तेव्हा तुमचा दिलजीत कुठं होता? आणि तिकिटांचे दर, काळाबाजार यावर लेखात धड काही नाही. हा लेख आहे की जाहिरात?’

बसगाड्या थांबल्या तेव्हा दिलजीत कुठं होता, हे मला खरंच ठाऊक नाही. तो काही आमच्या घरी जेवायला नव्हता. बाकीचंही आवरतो, पण इतिहासाच्या वाक्यापाशी थोडं थांबायला लागेल, कारण तो मुद्दाच नाही, ती चापट आहे. मुद्दा मांडायचा तर मांडा की. चापट मारून वर ‘नसावा’ म्हणायचं, म्हणजे हात मागं घेतल्याचंही समाधान.

मूळ लेख न वाचताच भांडण बघायला आलेल्यांसाठी चार ओळी. मी विचारलं होतं, बेळगावात दिलजीत दोसांझ ऐकतो कोण? मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधून सुट्टीवर निघालेला साताऱ्याचा जवान ऐकतो. जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहातली दिल्लीची मुलगी ऐकते. व्हीटीयू या तंत्रविद्यापीठात शिकायला आलेला रायचूरचा पोरगा, शहापुरातल्या लग्नाचा डीजेवाला, कॅम्पातल्या बेकरीत काउंटरवर बसणारा, सांबऱ्याचे एअरफोर्सवाले, सगळे ऐकतात. यातल्या निम्म्यांना पंजाबी कळत नाही, आणि एरवी हे लोक एका मांडवात बसायचेही नाहीत. इतक्या तऱ्हेच्या लोकांचा गायक विकायचा कसा, एवढाच माझ्या लेखाचा प्रश्न होता.

नेहमीचा उपाय म्हणजे ज्याला त्याला त्याच्या आवडीचा वेगळा माल दाखवायचा. दिलजीतच्या लोकांनी तसं केलं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर काळा कुर्ता, चादरा (पंजाबी लुंगी) आणि पगडीत उभा राहिला आणि पंजाबीतच गायला. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरचं बीसी प्लेस स्टेडियम त्याच्यासाठी भरलं, तेही पंजाबी गाण्यांवरच. दिल-लुमिनाटी या त्याच्या दौऱ्याचा भारतातला टप्पा २६ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीत सुरू झाला आणि ३१ डिसेंबरला लुधियान्यात संपला. मधल्या शहरांत गाणी बहुतेक तीच होती. बदललं ते त्या त्या गावापुरतं एखादं छोटंसं काहीतरी. बंगळूरला ६ डिसेंबरला दीपिका पदुकोण मंचावर आली आणि तिनं त्याच्याकडून ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे कन्नडमध्ये वदवून घेतलं. कोलकात्यात त्यानं नाइट रायडर्सची ‘करबो लडबो जीतबो’ घोषणा कौतुकानं घेतली. डॉ. मनमोहन सिंगांच्या निधनानंतर गुवाहाटीचा कार्यक्रम त्यांना अर्पण केला. एका कन्नड वाक्यासाठी त्यानं आपलं गाणं कन्नडमध्ये रेकॉर्ड केलं नाही, आणि त्या वाक्यावाचून बंगळूरकरांना सोडलंही नाही.

त्यावरून मी लिहिलं की आपल्याकडं असा कार्यक्रम आणायचा झाला, तर मराठी गल्लीत मराठी पोस्टर आणि कन्नड वस्तीत कन्नड पोस्टर असली चोरटी विभागणी करू नका. एकच पोस्टर, एकच फोटो, खाली मराठी आणि कन्नड सारख्या आकारात. कारण तिकीट एकटा माणूस काढत नाही, गँग काढते. कॉलेजच्या गँगमध्ये अनगोळचा असतो, गोकाकचा असतो, मडगावची असते. एकानं व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलेलं पोस्टर दुसऱ्यानं उचलून पुढं टाकायचं असतं. त्याला ते वाचताच आलं नाही तर तो टाकणार नाही, आणि तुमचं चौथं तिकीट तिथंच गेलं. यात मी कुणाला भाषा सोडा म्हटलं?

आता इतिहास.

माझ्या आजोबांनी सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगातली भाकरी खाल्ली आहे. १७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात जायचं, हे आमच्या घरात कॅलेंडर बघून ठरत नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलं, तेव्हा वडिलांनी दुकानाचं शटर खाली ओढून मला आत काउंटरखाली बसवलं होतं. बाहेरच्या पळापळीचा आवाज अजून आठवतो. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाला दुकान बंद असायचं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं की शेजारचा कन्नड दुकानदार वडिलांना विचारायचा, ‘काल लई लांब गेली काय हो फेरी?’ १९५६ ची राज्यपुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, महाराष्ट्रानं मागितलेली ८१४ गावं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं तुम्ही मला शिकवणार? शिकवा. माझ्या आजीनं ते पोळपाटावर शिकवलंय.

आणि ते दुकान कसलं होतं, तेही सांगतो. कॅसेटचं.

काउंटरच्या मागं लाकडी फळ्या होत्या. वडिलांनी त्यांवर भाषेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या: मराठी, कन्नड, हिंदी, कोकणी. व्यवस्थित माणूस. पण पंडित भीमसेन जोशींच्या कॅसेट आल्या की त्यांची पंचाईत व्हायची. जन्म गदगकडचा, संसार पुण्यात, अभंगांची संतवाणी मराठीत आणि पुरंदरदासांच्या पदांची दासवाणी कन्नडमध्ये. एकाच माणसाच्या कॅसेट दोन फळ्यांवर विभागून ठेवल्या की मराठी गिऱ्हाईक मराठी फळीपुढं उभं राहून एक घेऊन जायचं, आणि दुसरी आहे हे त्याला कळायचंच नाही. शेवटी वडिलांनी सगळे भीमसेन कॅश काउंटरच्या काचेखाली एकत्र मांडले. मग काय व्हायचं, की वडगावचे एक विणकर आजोबा, ज्यांनी आयुष्यात कन्नड फळीकडं मान वळवली नव्हती, ते सुटे पैसे परत घ्यायला वाकले की दासवाणीवरचा तोच चेहरा बघायचे, पाठीमागची गाण्यांची यादी बोटानं चाचपायचे आणि म्हणायचे, ‘हे काय म्हणालेत बघू तर लावून.’ वडील लावायचे. कधी आजोबा घेऊन जायचे, कधी मान हलवून परत ठेवायचे. पण ते महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चाला पहिल्या रांगेत असायचे, आणि दासवाणी ऐकल्यामुळं त्यांची रांग मागं गेली नाही. भीमसेन पॉप गायक नव्हते, तुम्ही म्हणण्याआधीच सांगतो. पण वेगवेगळ्या चाहत्यांचा एक गायक कसा मांडायचा हे मी कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात वाचलेलं नाही, त्या काचेखाली बघितलंय.

तेव्हा भाषेला गिऱ्हाईक कोण समजतं आणि गिऱ्हाइकाला भाषा असते हे कोण जाणतं, याचा निकाल जरा जपून द्या.

आता मी स्वतः छपाईत आहे, पूर्वी स्क्रीनप्रिंटिंग, मग डिजिटल, आता रील्सची कामंही घेतो. दोन भाषांचं पोस्टर ही काय कटकट असते ते टीका करणाऱ्यांनी एकदा बसून बघावं. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होते, कन्नड नुडीमध्ये. फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेली आणि फॉन्ट नसला की गायकाच्या नावाचे नुसते चौकोन. दोन्हीला सारखाच पॉइंट साइज दिला तरी ओळी सारख्या दिसत नाहीत. कन्नड अक्षर गोल आणि रुंद, त्याला खाली ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लागणारी अक्षरं) लागतात, म्हणून ओळीखाली जागा सोडावी लागते. आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि रफार, म्हणून ओळीवर जागा. समान करायला बसलं की एक भाषा जाड दिसते, दुसरी उंच. एका आर्केस्ट्राच्या बॅनरला एक जण खिशातून टेप काढून आला होता, मराठी अक्षर किती इंच ते मोजायला. तासाभरानं दुसरा आला, कन्नड मोजायला. दोघांनाही आपलंच लहान वाटलं. मी दोघांना चहा पाजला आणि बॅनर तसाच लावला. कार्यक्रमाला दोघंही आले होते, एक तर बायकापोरांसकट.

दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असलीच पाहिजे हा २०२४ चा कायदा मला मान्य नाही. हे मी त्याच वेळी इथंच लिहिलंय, आणि तेव्हा तुमची प्रतिक्रिया आली नव्हती. सक्तीनं लावलेली पाटी आणि आपण होऊन छापलेलं आमंत्रण यांत फरक आहे. सक्तीला विरोध केला म्हणून शेजाऱ्याला त्याच्या अक्षरांत ‘ये’ म्हणायचं नाही, असं आमच्या आजोबांनी तरी तुरुंगातून लिहून पाठवलं नव्हतं. ते सुटून आले तेव्हा त्यांना घरी आणणारा टांगेवाला कन्नड होता, आणि त्यानं पैसे घेतले नव्हते. ही गोष्ट आमच्या घरात हुतात्मा चौकाइतक्याच अभिमानानं सांगतात.

तिकिटांबद्दल मात्र तुमचं मान्य. दरांवर आणि काळाबाजारावर मी दोनच ओळी लिहिल्या, चार लिहायला हरकत नव्हती. त्या दौऱ्याची तिकिटं आधी एका बँकेच्या विशिष्ट कार्डवाल्यांना मिळाली, बाकीच्यांना दोन दिवसांनी. हीसुद्धा चाहत्यांची वाटणीच आहे, फक्त भाषेची नाही, खिशाची. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्डप्ले आणि दिलजीत दोघांच्या तिकिटांच्या काळ्याबाजारावरून ईडीनं पाच राज्यांत छापेही घातले. ज्याला गावोगावचे सगळे चाहते आपले वाटतात, त्याच्या तिकिटाच्या दारात मात्र कार्ड बघून आत घेतात, यावर खरंतर वेगळं लिहिण्यासारखं आहे. इथल्या पोरांना तर पुणं झालं तरी साडेतीनशे किलोमीटर आणि बंगळूर पाचशे; तिकीट मिळालं तरी वरचा खर्च तिकिटाएवढा. झालं समाधान?

‘दिलजीतला परवडतं, आम्हाला नाही परवडत’ या तुमच्या वाक्यावर बऱ्याच जणांनी खाली अंगठे दिलेत. पंजाबचं राजकारण हा माझा विषय नाही, आणि कुणाला काय परवडतं याचा हिशेब पोस्टरच्या लेखात मावत नाही. तो पुन्हा कधीतरी.

‘लेख आहे की जाहिरात’ याचं उत्तर द्यायचं मी टाळणार होतो, पण देतो. दिलजीतला माझ्या जाहिरातीची गरज असती तर तो अमेरिकेतल्या जिमी फॅलनच्या टीव्ही कार्यक्रमाऐवजी माझ्या दुकानात आला असता. मला त्याच्याकडून, त्याच्या कंपनीकडून किंवा कुठल्या इव्हेंटवाल्याकडून एक रुपया आलेला नाही. आला की बिलासकट इथं टाकीन. बिल दोन्ही भाषांत असेल, तेव्हा टेप घेऊन या.

राहता राहिला सूर. मी या ब्लॉगवर नाव लावून लिहितो, माझं दुकान कुठं आहे हे निम्म्या बेळगावाला माहीत आहे. तुम्ही ‘एक सीमावासीय’. आम्ही सगळे कोण आहोत मग, काश्मीरवासीय? समोर येऊन बोला, पोस्टर चुकीचं कसं ते दाखवा, एखादा नमुना काढून आणा. काचेवर शेजारी शेजारी लावू आणि आल्यागेल्याला विचारू.

काल रात्री तुम्ही दुसरी प्रतिक्रिया टाकलीत, त्यात माझी मुलगी कुठल्या माध्यमाच्या शाळेत जाते ते काढलंत. ती मी उडवली आहे. पोस्टरवर काय म्हणायचं ते म्हणा, मी छापीन. ते मात्र परत टाकू नका.