जमीन न देता शेती कशी द्यावी

बेळगाव जिल्ह्यात सध्या समाजसेवेला अत्यंत पोषक हवामान आहे. विस्थापित कुटुंबे आणि ग्रामीण महिला यांच्यासाठी सामुदायिक शेतीचा प्रकल्प उभारावा असा विचार आपल्या मनात घोळत असेल, तर दुसरा जिल्हा शोधत बसण्याचे कष्ट घेऊ नयेत, कारण येथे विस्थापित शोधावे लागत नाहीत. ते बाराही महिने आणि निरनिराळ्या वाणांत उपलब्ध असतात. जुन्या वाणाचे हवे असतील तर घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचे आणि मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाचे आहेत. हिडकलचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर वर येते आणि लोक दर्शनाला जातात. देवाला वर्षातून काही दिवस तरी आपल्या जागी परतता येते, शेतकऱ्याला मात्र ती सोय ठेवलेली नाही. नव्या वाणाचे हवे असतील तर ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कृष्णाकाठी आणि घटप्रभेकाठी ते पुरेसे तयार करून ठेवले आहेत. त्या वेळी पूर्ण पडलेल्या घरासाठी सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले, घरांची ए, बी आणि सी अशी वर्गवारी झाली, आणि ज्यांच्या भिंतींनी पडण्यात थोडी दिरंगाई केली ते खालच्या वर्गात जाऊन बसले. खानापूर तालुक्यात २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यातली माणसे आहेत. त्यांना एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडण्याचे आवाहन केले जाते. शिवाय हलगा-मच्छे बायपासखाली काळी जमीन गेलेले शेतकरी आहेत, ते तर शहराला लागूनच आहेत, म्हणजे पाहुण्यांना दाखवून संध्याकाळच्या विमानाने परत पाठवता येते.

माणसे ठरली की जमिनीचा प्रश्न येतो, आणि येथेच अननुभवी संस्था चूक करतात. त्या विस्थापितांना जमीन मिळवून देण्याच्या खटपटीला लागतात. अशाने प्रकल्प लांबतो, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजतात, आणि समजा जमीन खरोखरच मिळाली तर लाभार्थी स्वतंत्र होऊन पुढच्या टप्प्यासाठी शिल्लकच राहत नाही. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित बागायतदाराला भेटावे आणि त्यांची जी माळजमीन कित्येक वर्षे पडून आहे, जिच्यात दगड आणि घाणेरीची झुडपे यांखेरीज काही उगवलेले नाही, ती तीन वर्षांसाठी तोंडी मागून घ्यावी. तोंडी या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून शेतजमीन खंडाने देण्याघेण्याला, सैनिक आणि खलाशी असे मोजके अपवाद सोडले तर, कायद्याने बंदी आहे. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात कसणाऱ्याला मालक करण्यासाठी हा कायदा आला आणि त्याने अनेक कुळांच्या घरात उजेड पडला, हे मान्य करायलाच हवे. पण त्यानंतर जी कुटुंबे भूमिहीन झाली, त्यांना खंडाने जमीन मिळण्याचा सरळ दरवाजा त्याच कायद्याने बंद केला. कूळ लागेल या भीतीने आजही कोणी मालक कागदावर सही करीत नाही. उलट २०२० च्या दुरुस्तीनंतर, ज्याने जन्मात कधी चिखलात पाय घातला नाही, अशा शहरी गृहस्थालाही शेतजमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. म्हणजे पैसे असलेल्या बिगरशेतकऱ्याला जमीन खरेदी करता येते आणि शेतीच करून पोट भरणाऱ्या बाईला ती खंडाने घेता येत नाही. आपण या विसंगतीवर भाषण करू नये. तिच्या सावलीतच आपला प्रकल्प वाढणार आहे.

तोंडी व्यवहाराचे लाभ पुढे आपोआप दिसू लागतात. उताऱ्यावर महिलांचे नाव नसल्यामुळे त्यांना पीककर्ज मिळत नाही, पीकविमा मिळणे दुरापास्त होते, पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये मालकाच्या खात्यात जातात, आणि अतिवृष्टीने पीक गेले तर तलाठी पंचनामा करून भरपाईही मालकाच्याच नावे लिहितो. कर्नाटकातले उतारे २००० सालापासून ‘भूमी’ योजनेखाली संगणकावर आहेत, त्यामुळे आता ही चूक अत्यंत अचूकपणे आणि काही मिनिटांत छापून मिळते. महिलांनी याबद्दल विचारलेच, तर त्यांना ‘सक्षमीकरण ही एक प्रक्रिया आहे’ असे सांगावे. प्रक्रिया म्हटली की ती कधी संपणार, असे कोणी विचारीत नाही.

आता महिलांविषयी. भारतात शेतीचे बहुतेक काम बायका करतात हे आपल्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असावे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायकांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते, ही गोष्टही तेथेच द्यावी, म्हणजे समस्या किती गंभीर आहे ते देणगीदाराला कळते. मात्र त्यानंतरच्या पानांवर या आकड्याकडे परत वळू नये. वास्तविक मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला, म्हणजे सीमावादात दोन्ही राज्यांचे ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत आहे त्यांपैकी ही एक आहे. तिच्यावर तितकेच एकमताने पाणी सोडण्याचे काम गावात होते. वडील गेल्यावर बाराव्या-तेराव्याला आलेल्या बहिणीकडून हक्कसोड पत्रावर अंगठा किंवा सही घेतली जाते, तिला साडीचोळी केली जाते, आणि जिने सही करायला नकार दिला तिच्यासाठी माहेरचा उंबरा त्या दिवसापासून उंच होतो. पंचवीस-तीस गुंठ्यांच्या बदल्यात एक इरकल साडी हा दर कोणत्याही बाजार समितीत निघणार नाही. आपल्या प्रशिक्षणात सेंद्रिय खत, गांडूळ खत, जीवामृत, आहार आणि स्वच्छता हे सर्व विषय घ्यावेत. हक्कसोड पत्राचा विषय मात्र घेऊ नये, कारण त्या प्रशिक्षणासाठी ज्यांनी आपले सभागृह मोफत दिले आहे त्यांच्याही बहिणी असतात.

विधवा आणि परित्यक्ता यांचा उल्लेख अवश्य करावा, तो वाचणाऱ्याच्या मनाला भिडतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अशा स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानून त्यांना पुनर्वसनात वेगळे स्थान दिले आहे आणि जी कुटुंबे दुसऱ्याच्या शेतात राबून जगतात त्यांनाही बाधितांत धरले आहे. तसेच २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीचा हक्क पती आणि पत्नी या दोघांच्या नावे नोंदवावा असे सांगितले आहे. कागदावर इतके चांगले असताना आपण वेगळे काय करणार, अशी शंका आपल्याला येईल. आपण त्या कायद्यांचे भित्तिपत्रक काढावे. ते शक्यतो इंग्रजीत असावे, कारण मराठीत काढले तर सरकारी कार्यालय हरकत घेईल, कन्नडमध्ये काढले तर खानापूरच्या पश्चिम भागातली बाई ते वाचणार नाही, आणि इंग्रजीत काढले तर दोन्ही भाषकांना समान न्याय मिळतो.

सामुदायिक शेतीची संकल्पना महिलांना समजावून सांगताना थोडी काळजी घ्यावी, कारण ती त्यांना आधीपासूनच ठाऊक असते. आज हिच्या शेतात रोप लावायचे, उद्या तिच्या शेतात भांगलायला जायचे, हाताचा हिशेब हातानेच फेडायचा आणि पैशाचे नाव काढायचे नाही, याला या भागात पैरा म्हणतात. पैऱ्याला नोंदवही लागत नाही, अध्यक्षा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे संस्था लागत नाही, म्हणून तो आपल्या दृष्टीने धोकादायक आहे. त्याला ‘श्रम-सामायिकीकरणाचे नवोन्मेषी प्रारूप’ असे नाव देऊन ते आपण गावात आणले असे लिहावे. महिला ऐकून घेतील. चहा आणि बिस्किटे असताना त्या सहसा वाद घालीत नाहीत.

पिकाची निवड कार्यालयात बसून करावी. बायकांना विचारले तर त्या भात, नाचणी, रताळी असलीच नावे घेतील. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या लाल माळावर रताळ्याचा वेल पावसाच्या तोंडावर लावतात, नवरात्राच्या सुमारास काढणी सुरू होते आणि उपवासाच्या दिवसांत तो माल बेळगावच्या बाजारातून उत्तरेकडे जातो. खर्च कमी, वेल घरचा, आणि माल विकला नाही तर उकडून मुलांना देता येतो. एवढे सोपे पीक प्रस्तावात शोभत नाही. त्याऐवजी ब्रोकोली किंवा ड्रॅगन फ्रूट घ्यावे. त्याचे बियाणे किंवा रोपे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतील अशी व्यवस्था करावी, म्हणजे बायका रोपलावणीच्या चिखलात कमरेतून वाकलेल्या असताना त्यांना प्रशिक्षणाला बोलावता येईल आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्याविषयी ‘सहभागाचा अभाव’ अशी नोंद करता येईल. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, कुरीने पेरणी करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला पेरणीचे अंतर शिकवण्यासाठी पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला तरुण पाठवावा. त्याला तेवढेच शिकायला मिळते.

बाजाराकडे फार लक्ष देऊ नये. भाजी पहाटे दलालाकडे जाते, तो कापडाखाली बोटे दाबून किंवा उघड बोली लावून भाव ठरवतो, दलाली, हमाली आणि गाडीभाडे वजा होते, आणि उरलेली रक्कम ज्याच्या नावे पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, फाडलेली असते त्याच्या हातात पडते. गाडीवर बसून पुरुष गेलेला असतो, म्हणून पट्टीही त्याच्याच नावाची असते. सरकारने ११ जून २०२३ पासून बायकांना बसप्रवास मोफत केला आहे, तेव्हा त्या स्वतः बाजारात जाऊ शकतात, असे कोणी सुचवील. परंतु भाजीची पोती आणि घरी सोडून आलेले लेकरू यांच्यासाठी मोफत प्रवासाची योजना अजून निघालेली नाही, आणि शीतगृह किंवा स्वतःची गाडी असा खर्च आपण अंदाजपत्रकात धरला तर चारचाकी पाहणी-वाहनासाठी काही उरणार नाही.

बैठकीत एखादा अभ्यासू मनुष्य केरळचे नाव काढील. १९९८ पासून चाललेल्या कुटुंबश्री या तिथल्या सरकारी महिला-गट योजनेत महिलांच्या गटांनी पडीक जमिनी खंडाने घेतल्या, बँकांनी गटाला कर्ज दिले, पंचायतींनी जमीन शोधून द्यायला मदत केली, आणि अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांच्या अभ्यासात या गटशेतीने एकेकट्या कुटुंबांच्या शेतीपेक्षा सरस कामगिरी केली, असे तो सांगेल. तेलंगणात झहीराबादकडे दलित महिलांच्या संघमांनी, म्हणजे गावगटांनी, कर्ज काढून सामूहिक जमिनीही विकत घेतल्या, अशीही पुस्ती तो जोडील. त्याला शांतपणे ऐकावे, ‘आपल्याकडची सामाजिक परिस्थिती वेगळी आहे’ असे म्हणावे आणि पुढच्या बैठकीचे निमंत्रण त्याला पाठवू नये. सीमाभाग असल्याने आपल्याला आणखी एक सबब कायम हाताशी असते: बंगळूरला विचारले तर मुंबईकडे बोट दाखवता येते आणि मुंबईला विचारले तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे असे सांगता येते. २००४ पासून दावा पडून आहे. तेवढ्या काळात कित्येक बचत गट स्थापन होऊन विसर्जितही झाले.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रकल्प आपोआप यशस्वी होतो. दगड वेचून बांधाला लागलेले असतात, शेणखताने माती काळसर झालेली असते, विंधनविहीर प्रकल्पाच्या खर्चातून खणलेली असते, आणि बागायतदार साहेबांना आपल्या जमिनीची अचानक आठवण होते. ते ऊस लावणार असतात. कागद नसल्याने वाद होण्याचे कारण उरत नाही. बायका त्याच रानात दुसऱ्या सोमवारपासून उसाच्या भांगलणीला रोजाने येऊ लागतात, आणि आपल्या अंतिम अहवालात ‘३ वर्षांपूर्वी बेरोजगार असलेल्या महिलांना गावातच शाश्वत रोजगार’ हे वाक्य कोणतेही असत्य न बोलता लिहिता येते. मुखपृष्ठासाठी छायाचित्र घेताना त्यांना हातात विळे घेऊन हसायला सांगावे, आणि मागे नव्याने लावलेले तारेचे कुंपण व त्यावरची मालकाच्या नावाची पाटी चौकटीत येणार नाही, एवढे छायाचित्रकाराला आधीच बजावून ठेवावे.