शूगेझ बँड काढताय? पेडलची खरेदी सगळ्यात शेवटी ठेवा

शूगेझ म्हणजे गिटारच्या दाट, धूसर आवाजात हळुवार गाणं मिसळणारी रॉकची शैली. नव्या शूगेझ बँडची पहिली रेकॉर्डिंग्ज ऐकताना बहुतेक वेळा एकच गोष्ट खटकते. आवाज भरपूर असतो, पण गाणं काही हाती लागत नाही. हा दोष स्वस्त पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांचा, नाही.

स्लोडाइव्हचंच घ्या. १९८९ साली इंग्लंडमधल्या रेडिंगला सुरू झालेला शूगेझ बँड. १९९३ ला 'सुव्हलाकी' हा अल्बम, १९९५ ला अगदी विरळ, इलेक्ट्रॉनिक वळणाचा 'पिग्मॅलियन', आणि लगेच त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, क्रिएशन रेकॉर्ड्सने, करार संपवला. तोवर ब्रिटपॉपचा, म्हणजे ठसठशीत चालींच्या ब्रिटिश गिटार-पॉपचा, जमाना आला होता. बँडमधल्या नील हॉलस्टेड, रेचेल गॉसवेल वगैरेंनी मग मोहावी ३ हा बँड काढला आणि तिथे साधी, कंट्रीकडे झुकणारी गाणी केली. २०१४ ला स्लोडाइव्ह पुन्हा स्टेजवर आला, २०१७ ला २२ वर्षांनी नवा अल्बम, आणि २०२३ चा अल्बम थेट ब्रिटनच्या टॉप १० मध्ये! इतकी वर्षं लोकांनी त्यांना धरून ठेवलं ते रिव्हर्बसाठी (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टसाठी) नाही, चालींसाठी. इफेक्ट काढून घेतले तरी त्या चाली उभ्या राहतात.

म्हणून आधी गाणं साध्या गिटारवर वाजवून बघा. चाल तिथेच लंगडत असेल तर फझ, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, तिला वाचवणार नाही.

पुढची अडचण गिटारची. दोघंही गिटारवादक एकाच पट्टीत पूर्ण बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेले कॉर्ड) वाजवतात, दोघांचाही फझ शेवटपर्यंत पिळलेला. मग २०० ते ५०० हर्ट्झमध्ये नुसता चिखल होतो, बेस दिसेनासा होतो. एकाने खाली मोकळ्या तारा वाजत ठेवाव्यात, दुसऱ्याने पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावावा. मिक्समध्ये गिटारचा १०० हर्ट्झखालचा आवाज कापा. गेन (फझची तीव्रता) तर वाटतो त्यापेक्षा बराच कमी लागतो, कारण गिटारचे चार थर एकावर एक चढले की भरीवपणा आपोआप येतो. रिव्हर्ब फझच्या आधी जोडला तर घुमणाऱ्या शेपटीसकट सगळं चिरडून एकजीव होतं. ऐकायला सुंदर, पण दोन्ही गिटारांवर तेच केलंत तर कॉर्ड बदललेलाच कळत नाही.

गाणाऱ्याचा आवाज कोरडा, म्हणजे इफेक्टशिवाय, रेकॉर्ड करा, दोनदा गाऊन घ्या. रिव्हर्बला ३० मिलिसेकंदांच्या आसपास प्रीडिले दिला, म्हणजे तो तेवढा उशिरा सुरू केला, की शब्दाची सुरुवात तरी कानावर येते.

आणि लाइव्ह. बहुतेक बँड खरे इथेच आपटतात. गाणारी व्यक्ती हळू गाते, मागे अँप आणि झांजा गरजत असतात. माइकमध्ये गाण्यापेक्षा झांजाच जास्त शिरतात. साउंडवाला व्होकल वर ढकलतो, झांजाही तितक्याच वर येतात, आणि शेवटी फीडबॅकची शिट्टी. साउंडवाल्यावर चिडून उपयोग नाही. अँपचं तोंड माइकपासून वळवा, त्याचा आवाज उतरवा, ओठ माइकला जवळजवळ टेकवून गा आणि मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) रिव्हर्ब अजिबात देऊ नका. गाणाऱ्याला स्वतःचा सूर स्पष्ट ऐकू यायलाच हवा.