होम लोन ‘पोर्ट’ होत नाही, घर पुन्हा गहाण पडतं

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : होम लोन दुसऱ्या बँकेत नेणं म्हणजे मोबाइल नंबर पोर्ट करणं. एक अर्ज, आठ दिवस, खर्च शून्य. घर आधीच तपासलेलं असल्यानं वकील लागत नाही, घराचे कागद बँका आपापसात देतात-घेतात, आणि हप्ता कमी झाला की फायदा झालाच.

व्याज कमी मिळत असेल तर कर्ज जरूर हलवावं. पण हा मेसेज वाचून जे सह्या करतात, त्यांना आपण कशावर सही करतोय हे ठाऊक नसतं, आणि पणाला लागलेलं असतं राहतं घर. म्हणून एकेक दावा तपासू.

‘पोर्ट’ काहीही होत नाही. कायद्याच्या नजरेत जुनं कर्ज पुरतं फिटतं, घर मोकळं होतं आणि नव्या बँकेकडे नव्यानं गहाण पडतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६०अ मध्ये गहाण थेट तिसऱ्याच्या नावे करून घेण्याची सोय आहे, पण होम लोनच्या रोजच्या व्यवहारात बँका त्या वाटेला जात नाहीत. पुढचा सगळा खर्च आणि सगळी कागदपत्रं या एका गोष्टीतून निघतात.

‘खर्च शून्य’ हे अर्धंच खरं. फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या, दराच्या होम लोनवर मुदतीआधी फेडल्याचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे. कोणी ‘फोरक्लोजर चार्ज’ मागत असेल तर ठामपणे नाही म्हणा. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र करारातली अट आधी वाचा. पण नव्या बाजूचा खर्च टळत नाही. प्रोसेसिंग फी, वकिलाची आणि मूल्यांकनाची फी हे आलंच. शिवाय मूळ कागद जमा करून घर गहाण ठेवलं की महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क लागतं, लाखामागे काही शे रुपये. चाळीस लाखांच्या कर्जाला ही रक्कम दहा हजारांच्या आसपास जाते. पहिल्या कर्जाच्या वेळी भरलेलं शुल्क इथे वळतं होत नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही, ती गोष्ट सर्वांत गंभीर. नोंदणी कायद्याच्या कलम ८९ब नुसार, कागद जमा केल्यापासून ३० दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे घर गहाण ठेवल्याची सूचना, दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. कागद जमा केल्याचा करारच नोंदवला असेल तर वेगळी नोटीस नको. ही जबाबदारी कर्जदाराची आहे, बँकेची नाही, आणि कसूर झाल्यास कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. एजंट ‘करून टाकतो साहेब’ म्हणतो. त्याच्याकडून दाखल केल्याची पावती हातात घ्या.

आता ‘कागद बँका आपापसात देतात’. प्रत्यक्षात काय होतं? जुनी बँक थकबाकीचं पत्र आणि तिच्याकडच्या कागदांची यादी देते. त्या भरवशावर नवी बँक जुन्या कर्जखात्यात पैसे भरते. मूळ कागद मात्र बऱ्याचदा शाखेत नसतात, दुसऱ्या शहरातल्या गोदामात असतात. म्हणजे काही आठवडे अशी स्थिती असते की नव्या बँकेचे पैसे गेलेले आहेत आणि कागद जुन्या बँकेकडेच आहेत. काही मंजुरीपत्रांत कागद जमा होईपर्यंत जादा व्याजाची अट असते, ती कुणी वाचत नाही.

या काळात तुमच्या बाजूला एक भक्कम नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत सर्व मूळ कागद परत करणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद गहाळ झाले तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्चही बँकेचाच.

पण यादीत जे नाही ते परत मागता येत नाही. म्हणून यादी हातात आली की ओळन् ओळ वाचा. जुन्या मालकाचा बिल्डरबरोबरचा करारनामा आहे का? प्रत्येक करारासोबत नोंदणीची मूळ पावती आहे का? शेअर सर्टिफिकेट? पावती सुटल्याचं कळतं ते सहसा घर विकायला काढल्यावर. सर्साईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, केंद्रीय नोंदवहीत जुन्या बँकेचा बोजा उतरला का, सोसायटीच्या दप्तरात जुन्या बँकेचं नाव निघून नव्या बँकेचं लागलं का, हेही बघायचं.

‘वकील नको, घर तपासलेलं आहे.’ नव्या बँकेचा वकील जुन्या बँकेच्या अहवालावर विसंबत नाही, मालकीच्या नोंदींचा शोध पुन्हा घेतो. आणि मधल्या काळात परिस्थिती बदललेली असते. वडील सहमालक होते, ते गेले, सोसायटीत आईचं नाव नॉमिनी म्हणून लागलं. घरच्यांना वाटतं विषय संपला. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांची हक्कसोडपत्रं नसतील तर फाइल तिथेच अडते, आणि प्रोसेसिंग फी परत मिळेलच असं नाही.

हप्त्याचं गणित मला सर्वांत फसवं वाटतं. चाळीस लाख बाकी, १५ वर्षं उरलेली, दर ९ टक्के : हप्ता सुमारे ४०,५७०. दर ८.५ झाला आणि मुदत तीच ठेवली तर ३९,३९०. महिन्याला जवळजवळ १,१८० रुपयांची खरी बचत. पण मुदत गुपचूप २० वर्षांची केली, तर हप्ता ३४,७१३ वर येतो, घरात आनंद होतो, आणि शेवटपर्यंत हिशेब केला तर जुन्या ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षाही सुमारे सव्वादहा लाख रुपये जास्त जातात. मंजुरीपत्रात दराच्या आधी मुदत बघा.

या सगळ्याच्या आधी एक अर्ज आपल्याच बँकेला करून पाहा : नव्या ग्राहकाला देता तो दर मलाही द्या. थोडं रूपांतर शुल्क, म्हणजे दर बदलण्याची फी, घेऊन अनेक बँका दर उतरवतात. कागद जागचे हलत नाहीत, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोटीसही नको. त्यांनी नकार दिला तर तो लेखी घ्या आणि मग दुसऱ्या बँकेचं दार ठोठवा.