डबा वाजवून कोयोटी संपला नाही, बिबट्या कसा संपेल?

सध्या एक व्हिडिओ फिरतोय. पिवळ्या पडलेल्या गवताचं माळरान, टोपीवाला एक गडी तिकाटण्यावर बंदूक टेकवून बसलेला, समोर ठेवलेल्या स्पीकरच्या डब्यातून सशाची किंकाळी. मिनिटभरात राखाडी-तांबूस जनावर पळत येतं आणि गोळी सुटते. खाली मराठीत मजकूर: ‘अमेरिकेत हिंस्र जनावरांचा बंदोबस्त असा करतात. आवाज काढून बोलवायचं आणि उडवायचं. म्हणून तिथे संख्या आटोक्यात, हरणं शाबूत, शेतकरी सुखी, माणसं निर्धास्त. आपल्याकडे बिबट्या दारात आला तरी कायदा आडवा येतो.’

जुन्नर-शिरूरकडच्या माणसाने हे रागाने पुढे ढकललं असेल तर त्या रागाला कारण आहे. त्या भागात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. पण मजकुरातलं अमेरिकेविषयीचं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर अर्धवट आहे किंवा उलटं.

व्हिडिओतलं जनावर कोयोटी आहे. कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा किरकोळ, साधारण दहा ते वीस किलोचं. बिबट्याचा नर सहज साठ किलो भरतो. हा फरक पुढे लागणार आहे.

‘आवाज काढला की येतं.’ येतं, कधीकधी. ही शिकार मुळात वाऱ्याची आहे. कोयोटी आवाजाच्या दिशेने सरळ चालून येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि कानाने ऐकलेलं नाकाने पडताळतो. तिथे माणसाचा वास लागला की खेळ संपला. म्हणून शिकारी अशी जागा धरतो की खालच्या वाऱ्याची बाजू उघडी आणि नजरेत राहील. डबा स्वतःपासून तीस-चाळीस पावलं लांब ठेवतो, म्हणजे जनावराचे डोळे डब्यावर राहतात, आपल्यावर नाही. शेजारी मोटरवर गरगरणारं केसाळ शेपूट लावतात. पंधरा-वीस मिनिटं सशाची किंकाळी वाजवायची, काही हललं नाही की उठायचं, गाडीत बसून मैल-दोन मैल पुढे जायचं आणि पुन्हा तेच. फेब्रुवारीत जोड्या जमतात तेव्हा सशाऐवजी कोयोटीचीच कोल्हेकुई वाजवतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लाचं केकाटणं वाजवतात, कारण तेव्हा आईबाप धावून येतात. व्हिडिओत येतं ते आलेलं जनावर. रिकामे गेलेले डाव कोण टाकणार?

आणि येतं कोण, हेही बघा. आपला पावसाळा सरतो त्या सुमारास तिथे त्या वर्षीची पिल्लं आईबापांचा इलाका सोडून भटकायला लागतात. ती अडाणी असतात, सगळ्यात आधी तीच फसतात. एकदा गोळी कानाजवळून गेलेला जाणता नर त्या आवाजाला पुन्हा सहसा भुलत नाही. मेंढ्यांवर हात मारणारं जनावर बहुधा दुसऱ्या प्रकारातलं असतं.

‘म्हणून संख्या आटोक्यात.’ इथे मजकूर साफ झोपतो. हिंस्र प्राणी मारायला अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९१५ पासून पैसे दिले, १९३१ मध्ये त्यासाठी कायदाच केला. बंदुका, सापळे, स्ट्रिकनिन आणि नंतर १०८० नावाचं विष, सगळं वापरून झालं. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर हे विष टाकणं आदेश काढून थांबवलं. एवढ्या काळात लांडगा बहुतेक राज्यांतून नामशेष झाला. कोयोटी मात्र पश्चिमेच्या माळरानातून पसरत अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. आज तो हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. शिकागोच्या मध्यवस्तीत आहे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही दिसतो. केंद्राचं वन्यजीव खातं आजही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कोयोटी मारतं, हौशी शिकाऱ्यांचे त्याहून वेगळे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनॉली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये गणित मांडलं होतं: दरवर्षी पंचाहत्तर टक्के कोयोटी मारत राहिलात तर पन्नासेक वर्षांत ते संपतील. एक वर्ष खंड न पडता, दर चारातले तीन. डबा वाजवून हे होत नाही.

जाता जाता, याच्या उलटं एक वाक्य प्राणिप्रेमी मंडळी फेकतात, ‘एक मारला की दोन होतात.’ तेही फुगवलेलं आहे. जागा रिकामी झाली की शेजारचे भटके ती भरतात, खायला मुबलक असलं की पिल्लं जास्त जगतात, आणि संख्या पुन्हा जुन्या पातळीवर येते. दुप्पट होत नाही. पण ज्याने मारायला कष्ट घेतले त्याच्या पदरात शेवटी शून्यच.

‘हरणं वाचली.’ साउथ कॅरोलिनात सव्हाना नदीकाठी हे मोजून पाहिलं गेलंय. २०१० पासून तीन वर्षांत साडेचारशेहून जास्त कोयोटी काढले. आधी शंभरातली सुमारे तेवीस पाडसं जगत. पहिल्या वर्षी हा आकडा पन्नासच्या वर गेला. शिकारी खूश. दुसऱ्या वर्षी, कोयोटी काढणं चालू असतानाच, तो विसावर घसरला. तिसऱ्या वर्षी पुन्हा चाळीसच्या पुढे. आयडाहोतही १९९७ ते २००३ असा प्रयोग झाला आणि म्यूल हरणांच्या एकूण संख्येवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. तिथे खरा फरक पाडत होते हिवाळा, चारा, आणि कोयोटीला त्या वर्षी उंदीर-ससे किती मिळाले हे. युटा राज्य हरणांच्या नावाने २०१२ पासून एका कोयोटीमागे पन्नास डॉलर देतं. एवढे पैसे वाटूनही दर वर्षी पुन्हा वाटावे लागतात, यातच काय ते आलं.

‘शेतकरी सुखी.’ या मुद्द्यावर मजकुरात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मेंढपाळाचं नुकसान खरं असतं. कोकरं जन्मायच्या आधी, हिवाळ्यात, त्याच कुरणावरचे कोयोटी विमानातून टिपले तर त्या उन्हाळ्यात कोकरं कमी जातात, हेही दिसलेलं आहे. पण कोणते मारायचे? कॅलिफोर्नियात हॉपलंडच्या मेंढी-संशोधन केंद्रावर गळ्यात रेडिओपट्टे घालून पाहिलं, तर मेंढ्या मारणारे बहुतेक तिथल्या इलाक्याचे धनी असलेले नर-मादी निघाले. पोटात पिल्लं, दारात पिल्लं, म्हणून मोठी शिकार हवी. ती नेमकी जोडी काढली की मेंढ्या वाचल्या. बाकीचे कितीही मारले तरी फरक पडला नाही. युटात तर जोड्यांची नसबंदी केली, इलाका त्यांच्याकडेच ठेवला, आणि त्यांनी कोकरं कमी मारली. उरलेलं काम राखणीची पांढरी पिरेनीज कुत्री, विजेचं कुंपण आणि विण्याच्या काळातली शेड करतात. आपल्या धनगराला यातलं अर्धं कोणी शिकवायची गरज नाही.

‘माणसं निर्धास्त.’ कोयोटीच्या हल्ल्यात माणूस मेल्याच्या दोनच नोंदी सांगितल्या जातात: १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातलं ग्लेंडेल आणि २००९ मध्ये कॅनडातलं केप ब्रेटन. म्हणजे तिथली माणसं निर्धास्त आहेत ती शिकाऱ्यांमुळे नाही. हे जनावर मुळात माणसाच्या वाटेला फारसं जात नाही. बिबट्याशी तुलना करायचीच तर अमेरिकेत दुसरं जनावर आहे, प्यूमा. मोठं मांजर, एकटं, लपून मारणारं. त्याचं काय केलं? कॅलिफोर्नियाने १९०७ ते १९६३ बक्षीस लावून बारा हजारांवर प्यूमा मारले. १९९० मध्ये लोकांनी मतदानाने त्याची हौशी शिकार कायमची बंद केली. मार्च २०२४ मध्ये तिथे प्यूमाने एका तरुणाचा जीव घेतला, वीस वर्षांतली पहिली घटना. त्याच दिवशी तो प्यूमा शोधून मारला. तोच, आसपासचे दहा नव्हेत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका अभ्यासात तर प्यूमांची जास्त शिकार झालेल्या भागात पुढच्या वर्षी तक्रारी वाढलेल्या दिसल्या. त्यावर अभ्यासकांत वाद आहे, पण ‘मारा म्हणजे मिटेल’ असं तिथेही कोणी छातीठोक सांगत नाही.

‘कायदा आडवा.’ १९७२ च्या आपल्या वन्यजीव कायद्याचं अकरावं कलम वाचा. माणसाच्या जिवाला धोका झालेला आणि पकडता किंवा बेशुद्ध करता न येणारा बिबट्या मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा नाही. आदेश उशिरा निघतो, ही तक्रार रास्त आहे आणि ती लावून धरावी. पण ती कायद्याची नाही, कारभाराची तक्रार आहे.

दिसेल तो बिबट्या उचलायचा प्रयोग आपण जुन्नरमध्ये करून बसलोय. २००१ ते २००३ या काळात उसातले बिबटे पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशोब काढला तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेलेले होते. नगरकडच्या अकोले तालुक्यात त्यांनीच बिबट्यांची विष्ठा तपासली. सगळ्यात जास्त निघाली कुत्री, खाण्याच्या वजनात जवळपास चाळीस टक्के. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या कितीतरी पट, पण बिबट्याच्या पोटात अकरा टक्केच. कारण शेळ्या रात्री गोठ्यात असतात आणि कुत्री उकिरड्यावर.

आणि रात्री उसात माणूसही असतो, कारण पंपाला लाइट बऱ्याचदा रात्री येते. दिवसा थ्री-फेज द्या, ही या पट्ट्यातली जुनी मागणी आहे. तिचा व्हिडिओ कोणी फिरवत नाही.