म्हणे, 'महिन्याची मजुरी दाबून ठेवा'!

परप्रांतीय मजुरांबद्दलचा एक मेसेज सोलापुरात फिरतोय. काल तो आमच्या दाजींनीच घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'एकदम बरोबर' असा शेरा. दाजींची जुळे सोलापुरात बांधकामं चालतात, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं: बाहेरचा मजूर पळतो, म्हणून महिन्याची मजुरी मागे ठेवा, मुकादमाला पैसे दिले की मालक सुटला, बाहेरच्याला किमान वेतन नसतं, आणि लेखी काही नसेल तर तो काय सिद्ध करणार?

उचल घेऊन गावी गेलेले आणि न परतलेले मजूर असतात, मान्य. पण उचल मजुरीतून कापून घेता येते, तीही सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या आत. केलेल्या कामाचे पैसे अडकवायची मुभा कुठून आली? महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा, काम सुटलं तर कामाच्या दोन दिवसांत. बिहारहून आलेल्या गवंड्याला आठवड्याला खर्ची मिळते. तांदूळ, तेल, रिचार्ज यातच ती संपते. घरी धाडायचे असतात ते हे मागे ठेवलेलेच पैसे.

मुकादमाचा मुद्दा तर संतापजनक आहे. दिल्लीत 1982च्या एशियाडची बांधकामं चालू असताना रोजची किमान मजुरी होती 9 रुपये 25 पैसे. जमादार, म्हणजे मजूर आणणारे तिथले मुकादम, त्यातला रुपया स्वतःकडे ठेवून मजुराला 8 रुपये 25 पैसे देत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं ही घटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारी आहे. मजूर आपणहून तयार झाला, ही सबब कोर्टाने मानली नाही. पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच. ठेकेदाराकडे बोट दाखवून काम करवून घेणाऱ्या सरकारी यंत्रणाही सुटल्या नाहीत. आता वेतन संहितेचं, म्हणजे मजुरीबद्दलच्या नव्या केंद्रीय कायद्याचं, कलम 43 तेच सांगतं: ठेकेदाराने बुडवले तर ज्याचं काम, त्याने भरायचे.

किमान वेतन देताना मजूर कुठल्या राज्याचा, हे कायदा विचारत नाही. विषय संपला.

राहिला पुरावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम 59 प्रमाणे पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचं, मजुराने नव्हे. दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. दाजी, तुमच्या हजेरीवहीत 'खर्ची 500' एवढंच लिहिलंय, सही एकाचीही नाही. उद्या दावा लागला तर लेबर ऑफिसात काय दाखवणार?