'सत्तरीतही आत आहे, म्हणजे मोठा मासाच असणार'? नाही

महिनाभरात एकच फॉरवर्ड माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. मजकूर साधारण असा: 'अमेरिकेत सत्तरी ओलांडलेली माणसं ड्रग्जच्या कटासाठी अजून जेलमध्ये आहेत. मोठे मासे आहेत म्हणूनच आहेत. सोडले तर पुन्हा धंद्याला लागतील. या कडकपणामुळेच तिथं ड्रग्जला आळा बसला. आपल्याकडे असा कायदा कधी येणार?' यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढच्या एकाही वाक्याला आधार नाही, आणि तरी ते लोक मनापासून पुढे पाठवताहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी 'मोठे मासे'. सगळा घोळ 'कट' या शब्दात आहे. 1986 साली लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनमुळे गेला, देश हादरला, निवडणुका तोंडावर होत्या, आणि अमेरिकी काँग्रेसनं काही महिन्यांत कायदा करून टाकला: मालाच्या वजनावर किमान शिक्षा. 5 किलो कोकेन, किमान 10 वर्षं. क्रॅकला, म्हणजे कोकेनच्याच ओढायच्या स्वस्त प्रकाराला, तर तेव्हा 50 ग्रॅममध्येच 10 वर्षं. न्यायाधीशाला त्याखाली उतरायची जवळपास मुभाच नाही. 1988 मध्ये हाच नियम कटालाही लावला. कटात सामील ठरायला तुमच्या हातात माल सापडावा लागत नाही. तुम्ही निरोप पोचवलात, गाडी दिलीत, नवऱ्याचा फोन घेतलात, तरी टोळीनं विकलेला आणि तुम्हाला ज्याची कल्पना यायला हवी होती तो सगळा माल तुमच्या पारड्यात पडू शकतो. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जेलमधले कैदी याला 'घोस्ट डोप' म्हणतात, म्हणजे भुताचा माल. कुणी जप्त केलेला नाही, कुणी तोललेला नाही, फक्त साक्षीदाराच्या तोंडी आहे. आज म्हाताऱ्या झालेल्या कैद्यांपैकी बऱ्याच जणांचे खटले नव्वदच्या दशकातले. तेव्हा हे वजन ज्युरी ठरवत नव्हती, न्यायाधीश ठरवत होते, आणि तेही 'संशयातीत' पुराव्यावर नव्हे, 'असण्याची शक्यता जास्त' एवढ्यावर. सुप्रीम कोर्टानं ही पद्धत 2000 नंतर टप्प्याटप्प्यानं बदलली.

आता माफीचा साक्षीदार. किमान शिक्षेखाली उतरायचा एक मोठा दरवाजा म्हणजे सरकारी वकिलाला उपयोगी पडेल अशी माहिती देणं. माहिती कुणाकडे असते? वरच्याकडे. त्याच्याकडे द्यायला दहा नावं असतात. निरोप पोचवणाऱ्या बाईकडे एकही नसतं. आणि जो म्हणतो 'मी खटला लढवतो' आणि हरतो, त्याच्या वाट्याला सगळ्यात जड शिक्षा येते. मोठा मासा जाळ्यातून निसटतो आणि तळाचा अडकतो, हा या कायद्याचा अपघात नाही, त्याची रचनाच तशी आहे.

अॅलिस मेरी जॉन्सन यांचं प्रकरण जगजाहीर आहे. टेनेसीतल्या मेम्फिसच्या. नोकरी गेली, घटस्फोट झाला, धाकटा मुलगा अपघातात गेला, आणि त्या एका कोकेन टोळीचे फोनवरचे निरोप इकडून तिकडे करू लागल्या. हे त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. आधीचा एकही गुन्हा नावावर नाही. 1996 साली दोषी ठरल्या आणि शिक्षा झाली जन्मठेपेची. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या सहआरोपींच्या शिक्षा कमी झाल्या किंवा आरोपच गळाले. 21 वर्षांहून जास्त काळ आत काढून 6 जून 2018 ला त्या सुटल्या, वय 63. जेलबाहेर रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या घरच्यांकडे दोन्ही हात पसरून धावत सुटलेली ती आजी टीव्हीवर जगानं पाहिली. मी ती क्लिप अनेकदा पाहिली आहे. प्रत्येक वेळी नजर त्या धावण्यावरच जाते.

त्यांना सोडवलं ट्रंप यांनी. आणि जानेवारी 2025 मध्ये बायडन यांनी एका दिवसात ड्रग्जच्या अहिंसक गुन्ह्यांतल्या सुमारे 2,500 जणांच्या शिक्षा कमी केल्या. म्हणजे हा डाव्या-उजव्याचा वाद समजून बाजूला टाकू नका.

मग बाकीचे अजून आत का? बहुतेकदा उत्तर गुन्ह्यात नसतं, तारखेत असतं. नोव्हेंबर 1987 नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोलच नाही, म्हणजे शिक्षा संपायच्या आधी अटींवर सुटकाच नाही. चांगल्या वर्तणुकीची सूट वर्षाला जास्तीत जास्त 54 दिवस, आणि जन्मठेपेला तीही नाही. आधीचे दोन ड्रग्जचे गुन्हे असतील तर तिसऱ्याला सक्तीची जन्मठेप होती. 2018 च्या कायद्यानं ती 25 वर्षांवर आणली, पण ज्यांना आधीच शिक्षा झाली होती त्यांना हा बदल आपोआप लागू केला नाही. दोन माणसं, तोच गुन्हा, तेवढाच माल. 2017 मध्ये शिक्षा झालेला तिथंच मरणार, 2019 मधला घरी जाणार. यात 'मोठा मासा' कुठे आला?

खरेखुरे म्होरके, खूनखराबा केलेले लोकही त्या बराकींत आहेत. त्यांना सरसकट सोडा असं मी म्हणत नाही. पण केस पांढरे झाले आणि माणूस अजून आत आहे, एवढ्यावरून तो कोण होता हे कळत नाही.

'सुटले की पुन्हा धंद्याला लागतील.' याचा हिशोब अमेरिकेच्या शिक्षा आयोगानंच 2017 मध्ये मांडला. सुटकेनंतर आठ वर्षं लोकांवर नजर ठेवली. 21 च्या आत सुटलेल्यांपैकी 67.6 टक्के पुन्हा पकडले गेले. पासष्टी उलटून सुटलेल्यांपैकी 13.4 टक्के. पकडलं जाणं म्हणजे दोषी ठरणंही नव्हे. न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी 2015 च्या अहवालात वयस्क कैद्यांबद्दल असंच चित्र मांडलं आणि पुढे खर्चही सांगितला: ज्या जेलांत वयस्क कैदी सर्वांत जास्त, तिथं दर कैद्यामागे औषधोपचाराचा खर्च ते सर्वांत कमी असलेल्या जेलांच्या पाचपट.

तो अहवाल कोरडा आहे, पण वाचताना जेल डोळ्यासमोर येतं. चढून वरच्या बंकवर झोपणं जमत नाही म्हणून खालचा बंक मिळायची वाट पाहणारे कैदी. व्हीलचेअर ढकलणारा दुसरा कैदी. आणि रोज दुपारी चारची मोजणी, जिच्यासाठी आपापल्या बंकपाशी उभं राहायचं असतं. गुडघे गेलेला माणूस तीस वर्षं रोज चार वाजता उभा राहतोय.

'कडकपणामुळे आळा बसला.' हे तर सरळ खोटं. 1999 मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसनं सुमारे 17,000 माणसं गेली. 2022 मध्ये सुमारे 1,08,000. आणि कायदा दोन्ही वेळी कडकच. गांजाच्या कटात 1980 मध्ये पकडलेला, मूळ क्युबाचा एक वैमानिक 39 वर्षं आत काढून 2019 मध्ये सुटला, तेव्हा तो 84 वर्षांचा होता. तोवर तोच गांजा कितीतरी राज्यांत दुकानात पावती देऊन विकला जात होता.

राहिलं 'आपल्याकडे कधी येणार'. आपल्याकडे तो केव्हाच आला आहे. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा घ्या. कलम 29 मध्ये कटाला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. व्यापारी प्रमाणात माल असेल, म्हणजे हेरॉईन 250 ग्रॅमच्या वर किंवा गांजा 20 किलोच्या वर, तर किमान 10 वर्षं. 1989 मध्ये कलम 32अ घातलं: या कायद्याखालची शिक्षा (सेवनाचा गुन्हा सोडून) स्थगित करायची नाही, कमी करायची नाही, माफ करायची नाही. महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या दादू खटल्यात 2000 साली सुप्रीम कोर्टानं त्यातला एवढाच भाग रद्द केला की अपील चालू असताना शिक्षा स्थगित करायचा कोर्टाचा अधिकार काढून घेता येणार नाही. सरकारनं सूट द्यायची नाही, हा भाग तसाच राहिला. खुनाच्या जन्मठेपेत 14 वर्षांनंतर सुटकेचा अर्ज सरकारपुढे जाऊ शकतो. एनडीपीएसमध्ये वीस वर्षांची शिक्षा झालेल्या सत्तरीतल्या माणसाला ती वाट कायद्यानंच बंद केली आहे.